ट्रिमचा काटा अडलाय? पाकिटाआधी मीटर काढा

गोव्यातल्या धारगळला समुद्र नाही. पण गावाच्या दक्षिणेला शापोरा नदी आहे, आणि चोपडें, मोरजी, हरमलचे किनारे गाडीने फार लांब नाहीत. त्यामुळे महामार्गालगतच्या अंगणात, ताडपत्रीखाली ट्रेलरवर होडी दिसली तर इथे कुणी वळून पाहत नाही. या होड्यांच्या तक्रारी निघतात त्या पावसाळा सरल्यावर. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीची ६१ दिवसांची बंदी, त्याला जोडून जलक्रीडेचीही सुट्टी. मोटर तेवढे दिवस दमट हवेत उभी राहते. मग चावी फिरवली की बाकी सगळं चालतं आणि ट्रिमचा, म्हणजे मोटरीचा कोन दाखवणारा, काटा तेवढा एका टोकाला चिकटलेला असतो. मेकॅनिक येतो, लांबूनच बघतो आणि म्हणतो, "सेन्सर गेला, बदलावा लागणार." या वाक्याला हो म्हणायच्या आधी काय तपासायचं आणि कशाचे किती मोजायचे, ते इथे सांगतो.

आधी तुमच्या मोटरीला हा सेन्सर आहे का, ते बघा. पागी (मासेमार) मंडळींच्या होडीवरची लहान ओबीएम (आउटबोर्ड मोटर), ९.९ किंवा १५ अश्वशक्तीची, बहुधा हातानेच उचलायची असते. तिचा कोन ब्रॅकेटमधल्या भोकांत दांडी घालून ठरतो. तिथे सेन्सर नाही, वायर नाही, खर्चही नाही. बटण दाबून वरखाली होणारी, 'पॉवर ट्रिम'वाली मोठी मोटर असेल तरच पुढचं वाचा. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या आणि पॅरासेलिंगच्या होड्यांवर अशा मोटरी असतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सेन्सर मोटर उचलत नाही. तो फक्त मोटर किती अंशात उभी आहे एवढं सांगतो. मोटर वर जायचीच थांबली असेल तर दोष बॅटरीत, फ्यूजमध्ये, रिलेत, हायड्रॉलिक तेलात किंवा पंपाच्या मोटरीत असतो, आणि सेन्सर बदलून त्यातलं काहीही सुटणार नाही. बटण दाबल्यावर 'टक' असा आवाज येतो पण मोटर हलत नाही, तर रिले जागा झालाय, पुढे वीज पोचत नाही किंवा पंप अडकलाय. आवाजच नाही, तर फ्यूज आणि बटणापासून सुरुवात करा. चार्ज झालेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बटण दाबताच आकडा धाडकन खाली आला तर गुन्हेगार सापडला. हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. म्हापशाच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात तीनशे ते आठशे रुपयांत मिळणारा मल्टीमीटर पुरतो.

आता काटाच अडलाय असं धरू. मोटर पूर्ण वर उचला आणि ब्रॅकेटवरचा आधाराचा खटका आधी लावा. हायड्रॉलिकच्या भरवशावर वर राहिलेल्या मोटरीखाली कुणीही हात घालू नये. शंभर-दीडशे किलोचं धूड खाली आलं तर बोटं राहणार नाहीत. किल-स्विचची दोरी काढून खिशात टाका. मग टॉर्च घेऊन ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला बघा. बऱ्याच मोटरींवर तिथे काड्यापेटीएवढा काळा प्लास्टिकचा डबा असतो आणि त्यातून एक छोटी पट्टी बाहेर आलेली असते. मोटर हलली की ही पट्टी ढकलली जाते आणि डब्यातला रोध बदलतो. एवढंच त्याचं यंत्र. पट्टी बोटाने दाबून सोडा. ती आपोआप परत यायला हवी. वाळू, सुकलेलं शेवाळ, गळाच्या दोरीचा तुकडा यांपैकी काहीतरी तिथे अडकलेलं असतं, आणि शापोऱ्याच्या मुखाशी वाळूचा पट्टा असल्यामुळे वाळू तर हटकून. गोड्या पाण्याचा फवारा मारा, जुना टूथब्रश फिरवा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, असं माझं मत आहे.

नाही संपली, तर वायरचा जोड सोडवा. आतल्या पितळेवर हिरवा कळंक चढला असेल तर तोच तुमचा रोग. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, डायलेक्ट्रिक ग्रीस भरून जोड परत बसवा. या दोन्ही वस्तूंचा मिळून खर्च हजाराच्या आतच राहतो आणि त्या वर्षभर पुरतात.

त्यानंतर मीटर. वीज बंद, जोड सुटा, मीटर ओहमवर. यामाहाच्या दोन वायरींच्या सेंडरमध्ये (काट्याला खूण पाठवणाऱ्या या सेन्सरमध्ये) गुलाबी वायर खुणेची आणि काळी अर्थची. मर्क्युरीत खुणेची वायर तपकिरी-पांढरी असते. सेंडरची पट्टी बोटाने हळूहळू दाबत जा आणि आकडा बघत राहा. तो एका लयीत वाढला किंवा कमी झाला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल, एखाद्या जागी मीटर 'खुला' दाखवत असेल, तर डब्यातली रोधाची पट्टी झिजली आहे आणि सेंडर खरोखरच बदलावा लागेल. आकडा एका लयीत सरकतो आणि तरीही काटा मेलेलाच, तर दोष काट्यात किंवा मधल्या वायरीत आहे. त्याचीही परीक्षा सोपी आहे. चावी चालू ठेवून सेंडरची वायर सुटी ठेवा, काटा एका टोकाला जाईल. ती वायर अर्थला टेकवा, दुसऱ्या टोकाला जाईल. दोन्हीकडे गेला तर काटा धडधाकट आहे. मात्र ही युक्ती फक्त जुन्या, दोन वायरींच्या काट्यासाठी. नव्या मोटरींत तीन वायरींचा सेन्सर असतो, तो ५ व्होल्टवर चालतो आणि थेट इंजिनच्या संगणकाला जोडलेला असतो. तिथे वायर कुठेही टेकवू नका. तिथे मॅन्युअल आणि कंपनीचा माणूस हवा.

आता पैसे. परदेशी बाजारात अस्सल सेंडर साधारण शंभर ते दोनशे डॉलरचा असतो, म्हणजे इथे पोचेपर्यंत कस्टम आणि कुरिअर धरून दहा ते वीस हजारांची किंवा त्याहून थोडी अधिक तयारी ठेवावी. बिगरकंपनीचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतो. माझं सांगणं असं की दोन वायरींचा साधा सेंडर बिगरकंपनीचा घ्यायला हरकत नाही, तीन वायरींचा घेऊ नये. बसवण्याचं काम तासाभराचं आहे. येण्याजाण्याचा खर्च धरूनही दोन हजारांपलीकडे मजुरी देणं मला पटत नाही. एक गोष्ट मात्र मजुरी खरोखर वाढवते. सेंडर धरणारे दोन स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये खाऱ्या पाण्याने जाम होतात. घाईत पिळले की डोकं तुटतं, मग ड्रिल आणि नवे आटे. आदल्या रात्री गंजमारक तेल सोडून ठेवायला मेकॅनिकला सांगा, आणि जुना सेंडर काढण्याआधी त्याच्या कडेने मार्करची रेघ ओढून घ्या. नवा बसवल्यावर मोटर पूर्ण खाली असताना आकडा जुळवावा लागतो. यामाहाच्या पुष्कळ मॉडेलांत तो १० ओहमच्या आसपास असतो. तो न जुळवता काम संपलं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

'अख्खं ट्रिम युनिटच बदला' असा सल्ला मिळाला तर थांबा. हा खर्च लाखाच्या घरात जातो. तेल गळत असेल तर आधी सील बदलून मिळतात का ते विचारा, आणि दुसऱ्या माणसाला दाखवा. काढलेला भाग हातात मागून घ्या.

बिलावर जीएसटीचा दरही वाचा. मासेमारीच्या होडीचे भाग ५ टक्क्यांच्या यादीत येतात, करमणुकीच्या होडीचे येत नाहीत. होडीची मासेमारीची नोंदणी असेल तर कागद सोबत न्या आणि दर कोणता लावला ते दुकानातच विचारा.

आणि तुम्हाला हा काटा हवाच आहे का? माझं उत्तर बहुतेकांसाठी 'घाई नको' असं आहे. मागे वळून मोटर दिसत असेल तर ब्रॅकेटवर तीन रेघा रंगवा: पूर्ण खाली, धावण्याची, उथळ पाण्याची. रंगाच्या एका डबीत मोसम निघतो. मात्र पर्यटक घेऊन जाणाऱ्या, सुकाणू पुढे असलेल्या होडीला काटा हवाच. मोटर जास्त वर गेली की पंखा हवा ओढू लागतो, थंडाव्याचं पाणी ओढायची वाट उघडी पडते, इंजिन तापतं, आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च सेंडरच्या कितीतरी पट असतो.

पुढच्या जूनसाठी एवढंच करा. शेवटच्या फेरीनंतर दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्याने मोटर धुवा. अंगणात ती पूर्ण खाली करून ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं आणि हायड्रॉलिकचे दांडे आत, तेलात राहतात. ट्रेलरवर न्यायची वेळ आली तरच उचला, आणि तेव्हाही आधाराची दांडी लावून. गतिरोधकांचे दणके हायड्रॉलिकवर घेऊ नका. वायरींचे जोड ग्रीसने भरा. ताडपत्रीखाली उंदरांसाठी पिंजरा लावा, कारण पावसात आसऱ्याला आलेला उंदीर गुलाबी वायर आणि काळी वायर यांत भेद करत नाही.