काडतुसांची नावे आणि सावधगिरी

अमेरिकी सैन्याने १८७३ साली स्वीकारलेल्या रायफलीच्या काडतुसास ‘·४५-७०’ म्हणतात. पहिला आकडा गोळीचा स्थूल व्यास इंचांत, तर दुसरा काळ्या दारूचे ग्रेनमधील वजन दर्शवितो. परंतु प्रत्येक नाव असे खरे माप सांगत नाही. ‘·३८ स्पेशल’ या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसातील गोळी वस्तुतः सुमारे ·३५७ इंच व्यासाची असते. त्याच व्यासाचे, पण कितीतरी अधिक दाबाचे ‘·३५७ मॅग्नम’ पुढे निघाले. ते ‘·३८ स्पेशल’च्या शस्त्रात शिरू नये म्हणून त्याचे कवच मुद्दाम लांब ठेवले. तथापि एकोणिसाव्या शतकातील काही रिव्हॉल्व्हरांची कोठी सरळ कोरलेली असल्याने तीत तेही बसते, आणि उडविल्यास शस्त्र फुटू शकते. सारांश, काडतूस बसते एवढ्यावरून ते सुरक्षित मानू नये. जुने शस्त्र आधी जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे.