शपथेआधी चौकशीचं टेबल

एका गणेशोत्सवात आमच्या मंडळाने नशाविरोधी जिवंत देखावा केला. नायक सुई टोचून घेतो, आई टाहो फोडते, शेवटी तिरडी उठते. बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या. पोरं मात्र सुईच्या प्रसंगाला शिट्ट्या मारायची. एकाने तर नायकाचं काम करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यालाच बाजूला घेऊन विचारलं, "खरा माल कुठं भेटतो?"

तेव्हापासून नशाविरोधी कार्यक्रमाबद्दल कुणी सल्ला विचारला की मी आधी सांगतो, सुई, पुडी, चिलीम काही दाखवू नका. नुसती भीती घालून किंवा माहिती देऊन मुलं नशेपासून लांब राहत नाहीत, हे संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मानकांतही नोंदलेलं आहे. शाळेत व्यसनातून बाहेर आलेल्यांची आत्मकथनं ठेवण्याबद्दलही ती मानकं सावध करतात. आम्हाला अशा आत्मकथनाचा वेगळाच फटका बसला. बरा झालेला एक तरुण आमच्या मांडवात मनापासून बोलला, कुणीतरी त्याचा व्हिडिओ फिरवला आणि त्याच्या बहिणीचं जमत आलेलं लग्न फिसकटलं. अशा माणसाला बोलवायचंच असेल तर पालकांच्या छोट्या बैठकीत बोलवा, मोबाइल बाहेर ठेवायला लावून.

सामुदायिक शपथ हा तर आयोजकांचा लाडका प्रकार. २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाला हात पुढे करून फोटो काढायला बरा दिसतो! पण रोज भरपूर दारू पिणाऱ्याने किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेल्याने एकदम सगळं बंद केलं, तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला शपथेआधी डॉक्टर हवा.

खरं काम मागच्या बाजूला होतं. लाउडस्पीकरपासून लांब एक टेबल टाका, तिथे शांतपणे ऐकून घेणारी एखादी बाई बसवा आणि पाटीवर फक्त 'चौकशी' लिहा. माईकवरून 'गर्दुल्ले', 'बेवडे' असं काही गेलं नसेल, तर कार्यक्रम संपता संपता एखादी आई तिथे येते. "शेजारच्या मुलाचं विचारायचं होतं," म्हणते. शेजारच्याच मुलाबद्दल बोलत राहायचं, नाव विचारायचं नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक तिला चिठ्ठीवर लिहून द्यायचा.

तिला पोलिसांची धास्ती असते. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ मध्ये त्याला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जाऊ शकतं, हेही सांगा. असा प्रसंग असेल तर वकिलाकडे पाठवा.

व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता देण्याआधी तिथे स्वतः जाऊन या. नोंदणी पाहा, डॉक्टर कधी येतात ते विचारा, घरच्यांना भेटू देतात का ते बघा. मारहाण करणाऱ्या, डांबून ठेवणाऱ्या जागाही 'केंद्र' म्हणवतात. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, ते व्यसनी माणसाला माणूस म्हणून वागवण्याच्या भूमिकेवर. तुमच्या जवळच्या केंद्राला तीच कसोटी लावा.

आणि मांडव उतरल्यावरही ते टेबल दर आठवड्याला ठराविक संध्याकाळी मांडणं जमणार नसेल, तर कार्यक्रम करू नका. जमवलेली वर्गणी एखाद्या पोराच्या उपचाराला द्या.