स्त्रियांचा प्रवास आणि मूत्रवेगधारण

नित्याच्या व्यापातून विसावा, चालणे, मैत्रिणींचा सहवास आणि मनःप्रसाद हे प्रवासाचे लाभ स्त्रीरुग्णांत आम्ही वारंवार अनुभवतो. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी. भाड्यात स्त्रियांना ५० टक्के सवलत मिळाल्याने यात्रा, माहेर, सहल अधिक सुकर झाली. तथापि स्वच्छतागृहाच्या अभावी अनेक भगिनी वाटेत पाणी पीत नाहीत, वेग रोखतात आणि मूत्रदाह घेऊन परततात.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग वर्णिले आहेत. मूत्रवेगधारणाने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल व वंक्षणप्रदेशी आनाह उद्भवतो. स्वेद, अवगाह, अभ्यंग, अवपीडक घृत आणि बस्ती ही त्याची चिकित्सा होय.

यास्तव ‘प्रवास टाळा’ असे न सांगता थोडे थोडे पाणी पिण्याचा, तसेच दर दोन-तीन तासांनी मूत्रविसर्जनाचा सल्ला द्यावा. मूत्रदाहासह ज्वर, थंडी वा कटिशूल असल्यास, तसेच रुग्णा गर्भिणी असल्यास औषधविक्रेत्यांनी परस्पर औषध देऊ नये, चिकित्सकाकडे पाठवावे. मूत्रपरीक्षण अवश्य करावे.

रुग्णा संकोचाने हे सांगत नाही. ‘वाटेत पाणी प्यालात का?’ हे आपणच विचारावयास हवे.