केमो चालू असूनही गाठ पुन्हा का वाढते?

प्रश्न : माझ्या मामांना स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. केमोथेरपीने गाठ आधी लहान झाली, पण काही महिन्यांनी त्याच औषधावर पुन्हा वाढू लागली. असं का होतं? पथ्यपाण्यात आमचं काही चुकलं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी तुमच्या मनातली टोचणी काढून टाका. यात पथ्याचा दोष नाही, आणि तुमचा तर नाहीच. औषधाला दाद न देण्याची कारणं त्या गाठीतच असतात.

पहिली अडचण औषध पोहोचण्याची. या गाठीत कर्कपेशींपेक्षा त्यांच्याभोवतीच्या तंतुमय ऊतीच पुष्कळदा जास्त असतात. त्यांच्या दाबाने रक्तवाहिन्या चेपतात आणि रक्तातून आलेलं औषध आत झिरपत नाही. मग या ऊतीच काढून टाकल्या तर? २०१४ साली उंदरांवर तसे प्रयोग झाले, तेव्हा कर्करोग उलट अधिक आक्रमक झाला. म्हणजे हे आवरण औषध अडवतं, तसा गाठीलाही काही प्रमाणात आवर घालतं.

दुसरी अडचण पेशीच्या आतली. १९९६ पासून या आजारात वापरलं जाणारं जेमसिटाबिन पेशीत शिरतं ते पेशीच्या आवरणावरच्या वाहक प्रथिनांमधून. आत गेल्यावर एक एन्झाइम त्याला कार्यक्षम रूप देतं. वाहक किंवा ते एन्झाइम कमी असेल, तर औषध असून नसल्यासारखंच. शिवाय, काही गाठींमधले जिवाणू जेमसिटाबिनचं विघटन करू शकतात, असं २०१७ साली दिसून आलं. गाठीत जमलेल्या काही प्रतिकारपेशीही त्या औषधाशी साधर्म्य असलेला रेणू सोडतात आणि औषधाची वाट अडवतात.

आता तुमचा मूळ प्रश्न : आधी चाललेलं औषध नंतर का चालेना? एकाच गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. तणनाशक फवारल्यावर जे तण तगतं, त्याचंच बी पुढे रुजतं. केमोतही नाजूक पेशी मरतात, चिवट पेशी उरतात आणि वाढतात. त्यात भर म्हणजे काही पेशी नवा जनुकीय बदल न होताही आपली अवस्था पालटतात आणि औषधाला कमी दाद देणाऱ्या प्रकारात जातात.

म्हणूनच एकाच औषधावर भिस्त न ठेवता अनेक औषधं एकत्र दिली जातात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आजार इतर अवयवांत पसरलेल्या रुग्णांचं मध्यक आयुर्मान जेमसिटाबिनवर ६.८ महिने, तर फोल्फिरिनॉक्स या संयुक्त उपचारावर ११.१ महिने होतं. मात्र हा उपचार अंगावर जड जातो, त्यामुळे प्रत्येकाला झेपत नाही. या कर्करोगाच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत केआरएएस जनुक बिघडलेलं असतं. अनेक दशकं औषधांच्या आवाक्याबाहेर राहिलेल्या या जनुकाच्या प्रथिनावर आता औषधं तयार होत आहेत. पण त्यांनाही पेशी कालांतराने चकवतात, म्हणून त्यांच्याही जोड्या शोधाव्या लागतील.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : गाठीची जनुकीय तपासणी झाली आहे का, आणि बीआरसीएसारखे आनुवंशिक दोष रक्तातून तपासले आहेत का? असा दोष थोड्याच रुग्णांत सापडतो, पण सापडला तर प्लॅटिनमयुक्त औषधं अधिक परिणामकारक ठरू शकतात. शिवाय मामांच्या भावंडांनी आणि मुलांनी कोणती काळजी घ्यायची, हेही त्यावरून ठरवता येतं.