सारणीशिवाय आलेख

प्रश्न : वाय = १०एक्स + २०० चा आलेख सारणी न करता काढता येतो का?
(एक विद्यार्थिनी, हिंगणघाट)

उत्तर : येतो. कापसाच्या वेचणीचे उदाहरण घेऊ. समजा, वेचणी किलोला १० रुपये आणि मजुरांच्या गाडीचे भाडे २००; एक्स म्हणजे वेचलेले किलो, वाय म्हणजे एकूण खर्च. एक बोंडही वेचले नाही तरी भाडे द्यावेच लागते, म्हणून पहिला बिंदू वाय-अक्षावर (०, २००). चढ १०, म्हणजे किलोमागे १० रुपये वर. पण एकेक किलोने सरकू नका, बिंदू चिकटतात. थेट २० किलो उजवीकडे, २०० रुपये वर : (२०, ४००). पट्टीने जोडा. अक्षांवरचे प्रमाण मात्र लिहाच. भाडे वाढले तर रेषा समांतर वर सरकते. दर वाढला तर ती अधिक उभी होते.