आधी टायर, मग बार

मुलुंड (पूर्व)

चि. सोन्यास,

ताईच्या कानावर अजून घातलेलं नाही. पण परवा रात्री दीड वाजता, भर पावसात, घोडबंदरच्या घाटात तुझी पोलो दिसली म्हणे. मागे जाड स्वे बार टाकलास आणि टायर मात्र पहिल्या मालकाचेच, असंही कळलं. खरं असेल तर बोरिवलीला येऊन कान उपटीन.

अरे, वळणात गाडीचं झुकणं रोखणाऱ्या या बारने पकड वाढत नाही. वळणात तो आतल्या चाकावरचा भार बाहेरच्यावर टाकतो. मागे जाड बार घालणं म्हणजे मागची पकड मुद्दाम कमी करणं. ऑटोक्रॉसला, मैदानात मांडलेल्या कोनांमधून पन्नासच्या वेगात, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं तोंड त्यामुळे झटकन वळतं, हे मान्य. आतलं मागचं चाक हवेत गेलं की फोटोही झकास येतो. पण ओल्या घाटात, वळणावर दचकून ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की शेपूट फिरलीच. मैदानात कोन आडवा होतो. घाटात समोरून ट्रेलर येतो, राजा.

‘दोनच मिलिमीटर जाड आहे,’ म्हणून गॅरेजवाल्याने तुला पटवलं असेल. भरीव बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० चा २२ केला की जवळजवळ दीडपट! म्हणून आधी टायर. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे बघ: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इतकं जुनं रबर कडक होतं, नक्षी शिल्लक असली तरी. चारही टायर एकाच जातीचे घे, मग हवा एक-दोन पीएसआयने बदलून बघ. हवेला पैसे पडत नाहीत. त्यानंतरही तोंड वळत नसेल तर बारचं बोलू. आणि स्पर्धेसाठी मऊ, उथळ नक्षीचे घेतलेस तर ते मैदानावरच चढवायचे. पावसात घाटात नाही.

आणि घाटात कुणाशी शर्यत लावत असशील तर ऐक: सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ताईला कोण सांगणार?

तुझं वेड मला कळत नाही असं नाही. आमच्या वेळी शर्यती मद्रासजवळ शोलावरमला व्हायच्या. जायची फार इच्छा होती. पण अण्णांकडे पैसे मागायचा धीर झाला नाही, पुढे नोकरी लागली आणि राहूनच गेलं. जुहूच्या धावपट्टीवरही कधीकाळी मोटारी पळाल्या आहेत, त्याही मी फक्त ऐकल्या. तू पळव, पण घड्याळ लावून, हेल्मेट घालून, मोकळ्या मैदानात. प्रवेश फी मी भरतो. कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, दिवाळीत आपण दोघं जाऊ.

रागावलो, मनावर घेऊ नकोस. घाटात पुन्हा जाणार नाहीस एवढं कळव. रविवारी मुलुंडला ये, मामी कोंबडी-वडे करणार आहे. जेवून टायर बघायला जाऊ. येताना गाडी नको, ट्रेनने ये.

तुझा
मामा