ज्याच्या हातात सुई, त्यानेच ती डब्यात टाकावी

दातांच्या दवाखान्यात कचरा तो काय असणार, असं पुष्कळांना वाटतं. मी अशाच एका दवाखान्यात असिस्टंट आहे. रूट कॅनाल आटोपल्यावर माझ्यासमोर येणारा ट्रे एकदा पाहा. रक्त-लाळेने भिजलेला कापूस, भुलीच्या इंजेक्शनची सुई आणि सिरिंज, सक्शनची टिप, ग्लोव्हज आणि दाताची मुळं साफ करायच्या बारीक फाइल्स, सगळं एकावर एक पडलेलं असतं. यातल्या बहुतेक वस्तूंची जागा वेगवेगळी असते.

मला टोचली ती अशीच एक फाइल. 15 नंबरच्या फाइलची मूठ पांढरी असते आणि टोक अवघं 0.15 मिलिमीटरचं. काम झाल्यावर ती स्पंजमध्ये खोचायची राहून गेली आणि तिच्यावर कापसाचे बोळे पडले. बाहेर पेशंट ताटकळत होते, खुर्ची लवकर रिकामी हवी होती. पांढऱ्या कापसात पांढरी मूठ दिसणार कशी? बोळा उचलला आणि ग्लोव्हजमधून बोटात कळ गेली. रक्त आलं टिपूसभर, पण झोप उडायला तेवढं पुरे झालं. हिपॅटायटिस बी लसीचा माझा शेवटचा डोस दवाखान्याने ‘पुढच्या महिन्यात देऊ’ म्हणत लांबवला होता. पेशंटला परत बोलावलं, त्यांच्या संमतीने त्यांचं रक्त तपासलं, माझंही तपासलं. रिपोर्ट चांगले आले, हे नशीब. पण नशिबाच्या भरवशावर दवाखाना चालवता येत नाही.

म्हणून आधी टोचल्यावर काय करायचं ते सांगते. बोट तोंडात घालणं ही आपली लहानपणापासूनची सवय. ती इथे अजिबात नको. रक्त पिळून काढायचं नाही, स्पिरिट चोळायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्हीचा धोका असेल तर त्यावरची प्रतिबंधक औषधं शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. घटनेची नोंद रजिस्टरमध्ये झालीच पाहिजे.

आता वर्गवारी. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा जिथे तयार होतो तिथेच तो वेगळा करायचा असतो, संध्याकाळी मावशी झाडायला येतील तेव्हा नव्हे. रक्ताळलेला कापूस, गॉज, काढलेले दात पिवळ्या पिशवीत. ग्लोव्हज, सक्शनच्या टिपा, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड, बर, टाकाऊ फाइल्स पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात; तो पाऊण भरला की बंद करायचा, दाबून दाबून भरायचा नाही. भुलीच्या औषधाच्या काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात. कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही आणि घंटागाडीत तर मुळीच द्यायचा नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला? लाल पिशवीतलं प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात येतं. त्यात एक सुई गेली तर तिकडच्या कामगाराचा हात फाटतो. सिरिंज अख्खी बाहेर गेली तर भंगारातून पुन्हा बाजारात येऊ शकते. 2009 मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजमुळे हिपॅटायटिस बी पसरला आणि अनेकांचे जीव गेले.

दातांच्या दवाखान्याची खास गोष्ट म्हणजे चांदी. लोक जिला चांदी भरणं म्हणतात, त्या मिश्रणात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. जुनी चांदी काढली की तिचे तुकडे बेसिनमध्ये वाहून जाऊ देऊ नका. घट्ट झाकणाच्या बरणीत वेगळे साठवा. चांदी भरलेला दात काढला तर तोही पिवळ्या पिशवीत नको. ती पिशवी भट्टीत जाते आणि पाऱ्याची वाफ होऊन हवेत मिसळते.

डॉक्टरांना माझी विनंती आहे. सुईला टोपण लावायचंच असेल तर ते ट्रेवर ठेवून एका हाताने सुई आत सरकवा. दुसऱ्या हाताने टोपण धरू नका. फाइल वापरून झाली की आपल्या हाताने स्पंजमध्ये खोचा, सुई आपल्या हाताने कटरमध्ये घाला. ती कुठे ठेवली हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं हे नियमाने दवाखान्याचं काम आहे, मेहेरबानी नव्हे. वर्षातून एकदा प्रशिक्षण द्यायलाच हवं, आणि त्यातून मावशींना वगळू नका.

आणि माझ्यासारख्या असिस्टंट ताईंनो, लसीचे तिन्ही डोस मागून घ्या. ट्रेला हात लावण्याआधी विचारत जा, ‘डॉक्टर, सुया-फाइल्स काढल्यात ना?’ उत्तर मिळेपर्यंत कापसाच्या बोळ्यालासुद्धा हात लावू नका. बाहेरचा पेशंट दोन मिनिटं थांबेल.